पाहुणे वक्ते, प्रकल्प आणि ३० जून: रोटरी क्लबचं परीक्षण

रोटरी या व्यावसायिकांच्या सेवाभावी संस्थेचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्या तारखेला अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, डायरेक्टर सगळे बदलतात. नवी टीम येते, नवा बॅनर लागतो, नवी डिरेक्टरी छापली जाते. क्लबात जे चांगलं दिसतं त्यातलं बरंचसं आणि जे फसतं त्यातलंही बरंचसं या एका तारखेशी बांधलेलं आहे. तुम्हाला सभासद व्हायचं असेल, वक्ता म्हणून बोलावणं आलं असेल किंवा कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेला, पैसा क्लबमार्फत खर्च करायचा असेल, तर काय तपासायचं ते इथे लिहिलं आहे. परीक्षण कुणा एका क्लबचं नाही. पुण्यातला, ठाण्यातला आणि तालुक्याच्या गावातला क्लब वेगवेगळे वाटले तरी सभेची आणि प्रकल्पाची यंत्रणा सगळीकडे जवळपास एकच असते.

सभेचा एक तास

शहरातले क्लब बहुधा संध्याकाळी साडेसात-आठला भरतात. २०१६ च्या नियमबदलानंतर महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालतं, पण जुने क्लब अजून दर आठवड्याला बसतात. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, फोर वे टेस्ट, म्हणजे बोलणं-वागणं तपासायचे रोटरीचे चार प्रश्न, म्हटली जाते. मग वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरीच्या सूचना, वक्त्याची ओळख, भाषण, प्रश्न, आभार, स्मृतिचिन्ह आणि पुन्हा घंटा. त्यानंतरच्या जेवणाला फेलोशिप म्हणतात. सभासदांच्या पत्नींना 'ऍन' आणि मुलांना 'ऍनेट' म्हणायची रीत बऱ्याच क्लबांत टिकून आहे. १९८९ पासून बायका स्वतः सभासद होतात, तरी ती गेलेली नाही.

पाहुणा म्हणून गेलात तर वक्ता किती वाजता उभा राहतो ते घड्याळात बघा. कागदावर त्याला तीस-पस्तीस मिनिटं दिलेली असतात. पण वाढदिवसांना दहा मिनिटं जातात, सूचनांना दहा, कुणाला तरी पुरस्कार मिळालेला असतो त्याचा फोटो निघतो, डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या (डिस्ट्रिक्ट म्हणजे आसपासच्या क्लबांचा गट, गव्हर्नर त्याचे प्रमुख) भेटीची तारीख दोनदा सांगितली जाते. आठची सभा असेल तर वक्ता आठ पस्तीसला माइकशी पोचतो. तो रंगात येईपर्यंत मागच्या टेबलावर केटररची माणसं चेफिंग डिशची झाकणं लावायला लागतात आणि अर्ध्या सभेच्या माना तिकडे वळतात. वक्त्याने कितीही तयारी केलेली असो, या आवाजापुढे कुणाचंच चालत नाही. म्हणून जेवणाची मांडणी दुसऱ्या खोलीत किंवा दुसरी घंटा झाल्यावरच, हे हॉलवाल्याला लेखी सांगावं लागतं.

जो क्लब सभा नीट चालवतो, तिथे पंधराव्या मिनिटाला वक्ता बोलायला लागलेला असतो. सूचना व्हॉट्सऍपवर आणि बुलेटिनमध्ये गेलेल्या असतात, सभेत फक्त ज्यावर हात वर करायचे आहेत तेवढ्याच. भाषण पंचवीस मिनिटं, प्रश्न दहा मिनिटं. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे तासभराच्या व्याख्यानाची सवय आहे, आणि नावाजलेले वक्तेही त्याच मापाने तयारी करून येतात. त्यांना पंचवीस मिनिटांचं माप आधी सांगितलं नाही तर ते प्रस्तावनेतच वीस खर्च करतात. मग अध्यक्ष चिठ्ठी पाठवतात आणि मुख्य मुद्दा गाडीत बसताना सांगितला जातो.

ओळख करून देणाऱ्याला दीड मिनिट पुरतं: माणूस कोण, या विषयात त्याने काय केलंय, आणि आज हा विषय आपण का ऐकतोय. दोन पानी बायोडेटा मोबाइलवरून वाचून दाखवणं हा या सभांचा सगळ्यांत जुना रोग आहे. दुसरा रोग आभाराचा. आभार मानणारा पाच मिनिटांत भाषणाचा सारांश सांगतो, तोही बहुधा चुकीचा.

वक्त्याला आठवडाभर आधी एक पत्र गेलेलं असावं. त्यात किती माणसं असतील, कोणत्या व्यवसायांतली, मराठीत बोलायचं की इंग्रजीत, नेमकी किती मिनिटं, गाडी कुठे लावायची, दारात कोण घ्यायला असेल, एवढं हवं. स्लाइड दहा-बाराच्या वर नकोत. फाइल पेनड्राइव्हवर आणि क्लबच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे असावी, कारण वक्त्याच्या लॅपटॉपला हॉलची एचडीएमआय केबल बसेलच असं नाही. व्हिडिओ असेल तर त्याचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून येतो का, ते सभा सुरू होण्याआधी तपासायचं. कॉलर माइक दिसायला बरा, पण हॉटेलच्या बुटक्या छताच्या हॉलमध्ये शिट्ट्या मारतो. हातातला माइक भरवशाचा. ऐनवेळी वक्ता आला नाही तर काय, याचं उत्तरही तयार हवं. त्यासाठी क्लासिफिकेशन टॉक हा फार चांगला प्रकार आहे: नव्या सभासदाने आपल्या धंद्याबद्दल वीस मिनिटं बोलायचं. कोल्ड स्टोरेजवाला द्राक्षाच्या पेटीतलं तापमान सांगतो, सर्व्हेअर सातबारा आणि प्रत्यक्ष हद्द यांतला फरक दाखवतो. बाहेरून आणलेल्या अनेक नामांकितांपेक्षा ही भाषणं सरस होतात, आणि तरी क्लब त्यांना भरतीचा माल समजतात.

वक्ते कोण येतात

पुढच्या वर्षाचं वक्त्यांचं वेळापत्रक नवी टीम मे-जूनमध्ये बसवते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचे वक्ते विचार करून निवडलेले असतात. दिवाळीनंतर घसरण लागते. जानेवारीपासून डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्स, पुरस्कार आणि सहली यांत प्रोग्रॅम कमिटीचं लक्ष उडतं, आणि एप्रिल-मेमध्ये 'कुणी मिळतोय का बघा' एवढंच उरतं. तेव्हा हमखास मिळणारे दोन प्रकार म्हणजे गुंतवणूक सल्लागार आणि प्रेरणादायी वक्ते. पहिला शेवटच्या स्लाइडवर आपला नंबर ठेवतो आणि जेवताना फॉर्म वाटतो. दुसऱ्याला टाळ्या भरपूर पडतात, पण दुसऱ्या दिवशी तो काय बोलला ते कुणालाच सांगता येत नाही. रुग्णालयाने पाठवलेले डॉक्टर या दोघांच्या मधले: विषय गुडघ्याचा असतो, पण प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात रुग्णालयाचं नाव. भाषणाआधी पत्रकं नाहीत, भाषणात किंमत नाही, नंबर हवा असेल त्याने नंतर मागून घ्यावा, एवढा नियम लेखी असला की या तिन्ही प्रकारांतून चांगलं काहीतरी काढता येतं. पक्षीय राजकारण रोटरीच्या नियमात बसत नाही, त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराला 'शहर विकास' या विषयावर बोलावणं ही पळवाट समजावी.

रोटरीने महिन्यांना विषय वाटून दिलेले आहेत. सप्टेंबर शिक्षण-साक्षरतेचा, नोव्हेंबर रोटरी फाउंडेशनचा, मार्च पाणी आणि स्वच्छतेचा. या वाटपाचा आपल्याकडे एक तोटा होतो. नाल्यावर पाणी अडवायचं ते पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ओढा वाहता असताना. पाण्यावरचा जाणकार मार्चमध्ये आणला तर ते वरातीमागून घोडं. ऐकून पेटलेल्या माणसाला पुढचे सहा महिने करण्यासारखं काही नसतं, आणि पेटलेला अध्यक्ष तोवर माजी झालेला असतो. शहाणे क्लब पाण्याचा वक्ता ऑगस्टमध्ये बोलावतात, महिना कोणताही म्हणो.

भाषणातून प्रकल्प उभा राहतो, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण रोटरीचं नाही, लायन्स या दुसऱ्या सेवाभावी क्लब-संघटनेचं आहे. ३० जून १९२५ ला अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर पाहुण्या म्हणून बोलल्या आणि अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं. लायन्सने ते उचललं आणि शंभर वर्षं झाली तरी डोळ्यांचं काम हीच त्यांची ओळख आहे. त्या भाषणात मागणी एकच होती, आणि ती समोरच्यांना करता येण्याजोगी होती. वक्ता निवडताना हीच कसोटी लावावी.

आपल्याकडचं छोटं उदाहरण घ्यायचं तर सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ओळखायला शिकवणारं भाषण सगळेच ठेवतात, आणि सापांचे फोटो बघून सभा खूश होऊन घरी जाते. पण ग्रामीण रुग्णालयात काम केलेला डॉक्टर बोलावला तर तो वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सांगेल: रुग्णाचं २ मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग एकदाच तिरकं करून बघायचं. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय आणि प्रतिविष द्यायला हवं. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकच्या नळीत रक्त एरवीही नीट गोठत नाही, साबणाने धुतलेल्या नळीतही चाचणी फसते, आणि मग गरज नसलेल्याला प्रतिविष दिलं जातं. म्हणजे तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना नव्या काचेच्या नळ्यांची खोकी देणं, शेतमजुरांना टॉर्च आणि गमबूट देणं, आणि जूनच्या सुरुवातीला प्रतिविषाचा साठा विचारून घेणं, एवढा प्रकल्प एका भाषणातून निघतो. खर्च एका फेलोशिपच्या जेवणाएवढाही नाही. अडचण एकच: काचेच्या नळ्यांसोबत फोटो चांगला येत नाही.

प्रकल्प: फीत कापल्यानंतर

फोटो चांगला येणारे प्रकल्प कोणते, हे सांगायला नको. रक्तदान शिबिर त्यांत पहिलं. १ जुलैला डॉक्टर दिन, सनदी लेखापाल दिन आणि रोटरीचं नवं वर्ष असा योग असतो, त्यामुळे त्या दिवशी एकाच शहरात कितीतरी शिबिरं होतात. मग १५ ऑगस्ट, २६ जानेवारी. रक्तपेढीला हे रक्त एकदम येऊन उपयोग नसतो. तांबड्या पेशी साठवणीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. पुरुषाने एकदा रक्त दिलं की ९० दिवस आणि बाईने दिलं की १२० दिवस पुन्हा देता येत नाही. तुटवडा पडतो तो मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजं बंद असताना. शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवणारा क्लब दिसला की समजावं, इथे काम कळतं. शिबिराच्या दिवशी परत पाठवल्या जाणाऱ्यांचीही कल्पना हवी: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. बायकांमध्ये हिमोग्लोबिनपाशीच गळती मोठी होते. त्यांची नावं आणि नंबर घेऊन पुढे तपासणी आणि लोहाच्या गोळ्या असा पाठपुरावा केला तर शिबिराचं काम दुप्पट होतं. बहुतेक ठिकाणी त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन निरोप दिला जातो.

डायलिसिस केंद्र हा सध्याचा लाडका मोठा प्रकल्प, आणि सगळ्यांत जास्त चुकाही यातच होतात. क्लब यंत्रांची किंमत मोजतो, पाणी मोजत नाही. एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात आणि यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे माणशी १२० लिटर शुद्ध पाणी नुसत्या त्या द्रवासाठी. यंत्र धुणं, निर्जंतुक करणं वेगळं. आरओ प्लांट घेतलेल्या पाण्यातलं बरंचसं बाहेर टाकतो, त्यामुळे कच्चं पाणी दुपटीच्या घरात धरायचं. पाच यंत्रं दोन पाळ्यांत चालवली तर रोज अडीच-तीन हजार लिटर. उन्हाळ्यात टँकरवर असलेल्या गावात हे पाणी कुठून येणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या पत्रिकेवर नसतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर संपला तर ते रुग्णाच्या रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक पाळीआधी पाण्यातलं क्लोरीन तपासून वहीत नोंद व्हायला हवी. केंद्राला भेट द्याल तेव्हा ती वही मागा. कोरी असेल, किंवा महिन्याच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच अक्षरात असतील, तर बाकी काही विचारायची गरज नाही.

लाभार्थ्यांचा आकडाही तपासून घ्यावा. पाच यंत्रं, दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे आठवड्याला ६० डायलिसिस. रुग्णाला आठवड्यातून तीनदा लागतं असं धरलं तर २० रुग्ण, दोनदावर भागवलं तर ३०. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी एक यंत्र वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी कमी. अहवालात 'वर्षाला ३,००० लाभार्थी' छापलेलं असेल तर ती डायलिसिसची संख्या आहे, माणसं वीस-तीसच. काम छोटं आहे असं नाही, त्या वीस-तीस जणांचं आयुष्य त्यावर चालतं. पण म्हणूनच तंत्रज्ञाचा पगार, डायलायझर (रक्त गाळणारं नळकांडं) आणि नळ्या, आणि यंत्रांचा वार्षिक देखभाल करार यांचे पैसे पाच वर्षांसाठी कुठून येणार हे लिहिलेलं असावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तेव्हा ज्या रुग्णालयात केंद्र आहे ते त्या योजनेत आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर रुग्णाकडून काही घेतलं जातं का, हा दुसरा.

अशा प्रकल्पांचा पैसा बहुधा ग्लोबल ग्रँटमधून, म्हणजे रोटरी फाउंडेशन या रोटरीच्याच निधी देणाऱ्या संस्थेच्या अनुदानातून, येतो. याची रीत कळली तर क्लबची कुवत कळते. प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा, इथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब असे दोन भागीदार हवेत, आणि आधी गावाच्या गरजेची पाहणी झालेली हवी. डिस्ट्रिक्टच्या निधीतून जेवढे डॉलर टाकाल त्याच्या ८० टक्के रक्कम फाउंडेशनचा वर्ल्ड फंड घालतो. क्लबने रोख दिलेल्या पैशावर सध्या काही मिळत नाही, उलट ती रक्कम फाउंडेशनमार्फत पाठवली तर ५ टक्के जास्त भरावे लागतात. म्हणजे दोन्हीकडच्या डिस्ट्रिक्टांनी मिळून १५,००० घातले तर वर्ल्ड फंडाचे १२,०००, आणि राहिलेले ३,००० क्लबांनी जमवायचे. पैशाला वेगळं बँक खातं, त्यावर दोन रोटेरियनच्या सह्या, दर बारा महिन्यांनी अहवाल, काम संपल्यावर दोन महिन्यांत शेवटचा अहवाल, आणि कागद किमान पाच वर्षं जपून ठेवायचे. अर्ज एका अध्यक्षाच्या काळात जातो, मंजुरी दुसऱ्याच्या, खरेदी तिसऱ्याच्या. फसतं ते इथेच: पहिल्याने घेतलेली कोटेशनं शिळी होतात, डॉलरचा भाव बदलतो, आणि अहवाल लिहायची वेळ येते तेव्हा पाहणी कुणी केली होती ते कुणालाच आठवत नाही. ज्या क्लबात ग्रँटची कमिटी तीन वर्षं तीच राहते, तिथे हे टळतं. सभासद होताना हा एकच प्रश्न विचारलात तरी पुरे.

एचपीव्ही लसीकरणाला ३० जूनची तारीख सगळ्यांत जास्त नडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आल्यापासून क्लबांनी मुलींच्या शाळांत ही मोहीम घेतली, आणि ती घेण्यासारखीच आहे. या लसीच्या वेळापत्रकाप्रमाणे ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पंधरा पूर्ण झाली की तीन. पहिला डोस फेब्रुवारीत दिला तर दुसरा ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे नव्या अध्यक्षाच्या वर्षात आणि त्याच्या अंदाजपत्रकाबाहेर. दहावीच्या मुली तोवर शाळा सोडून गेलेल्या असतात. करायचं ते सोपं आहे. पहिला डोस जुलै-ऑगस्टमध्ये, दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत, दोन्ही डोसांचे पैसे आधीच बाजूला काढलेले, सुरुवात सातवी-आठवीपासून, पालकांची लेखी संमती आणि एक चालू मोबाइल नंबर. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, तेव्हा शाळेच्या ऑफिसातला फ्रिज चालणार नाही, रुग्णालयाची शीतपेटीच लागते.

कृत्रिम हाताच्या शिबिरात वेगळी अडचण येते. एलएन-४ हा हात रोटरी क्लब मोफत बसवतात आणि त्याने चमचा, पेन, सायकलचं हँडल धरता येतं. पण तो कोपराखाली हात उरला असेल तरच बसतो, आणि कोपरापासून पुढे साधारण ४ इंच भाग शिल्लक लागतो. जाहिरातीत नुसतं 'मोफत कृत्रिम हात' छापलं की खांद्यापासून हात गेलेला माणूस रात्रभर एसटीने येतो आणि रिकामा परत जातो. नावनोंदणी करतानाच उरलेल्या हाताला मोजपट्टी लावलेला फोटो व्हॉट्सऍपवर मागवावा आणि ज्यांना बसणार त्यांनाच बोलवावं. एवढं एक काम शिबिराआधी झालं तर शिबिर नेटकं होतं.

रोटरीच्या वर्षात अगदी फिट्ट बसणारा एकच प्रकल्प आहे: वनराई बंधारा. १९८६ मध्ये मोहन धारियांनी स्थापन केलेल्या वनराई संस्थेने तो घरोघरी पोचवला. सिमेंटची रिकामी पोती वाळू किंवा मातीने पाऊण भरायची म्हणजे ती एकमेकांवर चपटी बसतात, तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे, तळ रुंद आणि माथा अरुंद. मध्यभाग दोन्ही टोकांपेक्षा थोडा खाली ठेवायचा, नाहीतर जादा पाणी कडेने वाट काढतं आणि काठ कापून नेतं. उंची मीटरभर पुरे. पोती उन्हाने विरतात आणि पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, तशी अपेक्षाच असते. पुढच्या अध्यक्षाने आपला नवा बांधावा. पण डिसेंबरात श्रमदान ठेवून कोरड्या नाल्यात पोती रचलेले फोटोही दिसतात, त्याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. यापेक्षा टिकाऊ काम हवं असेल तर जुन्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांकडे बघा. बांधकाम भक्कम असतं, पण बर्गे (पाणी अडवायला घालायच्या लोखंडी फळ्या) गंजलेले किंवा चोरीला गेलेले, रबर फाटलेलं, म्हणून पाणी थांबत नाही. संबंधित खात्याची परवानगी घेऊन बर्गे आणि रबर नवं करून दिलं, आणि ऑक्टोबरात ते घालणारी व पावसाआधी काढणारी गावातली माणसं ठरवून दिली, तर नव्या बंधाऱ्याच्या मानाने फार थोड्या पैशात पाणी अडतं. पाटी मात्र लावता येत नाही, कारण पाटी आधीच कुणाची तरी असते.

शाळांना दिलेल्या ई-लर्निंग संचांबद्दल थोडक्यात: शाळेचं वीजबिल कोण भरतं ते आधी विचारा. स्वच्छतागृहांबद्दल: पाणी आहे का, आणि झाडायला कोण.

या एका वर्षाच्या चक्रातून सुटलेला रोटरीचा प्रकल्प म्हणजे पोलिओ. १९८५ मध्ये पोलिओप्लस सुरू झालं, भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. इतके अध्यक्ष बदलूनही काम थांबलं नाही, कारण पैसा क्लबांच्या खात्यात नव्हता, फाउंडेशनकडे होता, आणि लक्ष्य बदलायचा अधिकार कुणा एका वर्षाच्या टीमला नव्हता.

पैसे आणि निकाल

देणगी क्लबच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या नावे द्यायची, अध्यक्षाच्या किंवा क्लबच्या चालू खात्यात नाही. करसवलतीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, आणि नुसती पावती पुरत नाही, ट्रस्टने आयकर खात्याकडे विवरण भरून काढलेलं प्रमाणपत्र लागतं. सीएसआरचा पैसा असेल तर ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी आहे का ते बघा. कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि क्लबचं जूनला, त्यामुळे फेब्रुवारीत घाईने दिलेला निधी मावळत्या टीमकडून घाईनेच खर्च होतो. करार जुलै-ऑगस्टमध्ये झालेला बरा.

सभेला आमच्याकडून पाचपैकी तीन. चांगला वक्ता आणि वेळ पाळणारा अध्यक्ष एकत्र आले की पाच, पण तो योग वर्षभर टिकत नाही. प्रकल्पांना एकच आकडा देता येणार नाही: रक्तदान आणि बंधारे चार, लसीकरण दुसरा डोस होईपर्यंत शून्य आणि झाल्यावर पाच, डायलिसिस तिसऱ्या वर्षी मोजावं.

पाहुणा म्हणून जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. जुलैमध्ये सगळेच क्लब चांगले दिसतात, नव्याचे नऊ दिवस. तीन वर्षांपूर्वीचा एक प्रकल्प दाखवायला सांगा, आणि न्यायला माजी अध्यक्ष येतो की सध्याचा ते बघा. सध्याचा आला आणि त्याला रस्ता विचारावा लागला नाही, तर फॉर्म मागून घ्या. रोटरी इंटरनॅशनलची माणशी वर्गणी वर्षाला साधारण ८० डॉलर, ती जुलै आणि जानेवारी अशी दोन हप्त्यांत जाते. त्यावर डिस्ट्रिक्टची वर्गणी, क्लबची वर्गणी आणि जेवणं. जेवणाचा हिशेब वेगळा लिहून देणारा क्लब असेल तर उत्तम, कारण एकूण खर्चात मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो.